सात गाड्यांच्या आधीचे भगवानदादा

भगवानदादांचं नाव निघालं की जुना माणूस बहुधा एकच गोष्ट सांगतो. गिरणी कामगाराचा पोरगा सिनेमात गेला, ‘अलबेला’ काढून मालामाल झाला, जुहूला समुद्राकाठी पंचवीस खोल्यांचा बंगला घेतला, दारात सात गाड्या उभ्या केल्या, वाराला एक. मग पुढचे सिनेमे पडले, बंगला गेला, गाड्या गेल्या, आणि ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या चाळीत त्यांनी डोळे मिटले. सांगणारा इथे थांबतो. ऐकणारा हळहळतो आणि दुसऱ्या विषयाकडे वळतो.

या गोष्टीत सगळं आहे, फक्त सिनेमा नाही. गाड्या आहेत, पण त्या ज्या कामातून आल्या ते काम नाही. मूकपटापासून पडद्यावर वावरलेल्या, दिग्दर्शन, निर्मिती, अभिनय, मारामारी आणि नाच हे सगळं एकाच अंगाने पेललेल्या माणसाचं एकही दृश्य ती गोष्ट आपल्याला दाखवत नाही. हे पुस्तक बंगल्याच्या आधीच्या भगवानदादांना आपल्यासमोर आणतं. त्यांच्या उमेदीची वर्षं, त्यांचे स्वस्तातले मारधाडीचे सिनेमे आणि त्यांचं अंग कसं घडलं, यांना ते सर्वांत जास्त पानं देतं. म्हणून ही प्रस्तावना मी मनापासून लिहितो आहे.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा, अमरावतीचा. त्यामुळे आम्हा विदर्भातल्या लोकांना त्यांना आपलं म्हणायचा मोह होतो, आणि त्यात गैर काही नाही. पण खरं तेवढंच बोलायचं तर आडनाव कोकणातलं, जन्म वऱ्हाडातला आणि माणूस घडला तो परळ-दादरच्या कामगार वस्तीत. वडील कापड गिरणीत कामाला होते. घरात पैसा नव्हता, शिक्षण फारसं झालं नाही, आणि मुलानेही काही काळ मजुरी केली. त्या वस्तीत दोन गोष्टी मात्र भरपूर होत्या. एक आखाडे आणि दुसरी स्वस्त तिकिटाची सिनेमाघरं. भगवानला दोन्हींचं वेड लागलं. कुस्तीने त्याला ‘दादा’ केलं, सिनेमाने ‘मास्टर भगवान’.

त्या काळी मुंबईच्या पडद्यावर डग्लस फेअरबँक्स या अमेरिकन नटाचं राज्य होतं. त्याचा १९२४ चा ‘थीफ ऑफ बगदाद’ हिंदुस्थानात अफाट चालला. फेअरबँक्स भिंतीवरून उडी मारायचा, झुंबराला लटकायचा, दहा जणांना एकटा लोळवायचा, आणि हे करताना सतत हसत असायचा. जिवावरचं काम सहज हसत करायचं ही त्याची रीत भगवानने उचलली, आणि पुढे राज कपूर त्यांना आपल्याकडचे डग्लस म्हणत असं सांगितलं जातं. विनोदी नट म्हणून लोकांना आठवणारा हा माणूस मुळात उड्या मारणारा, पडणारा, पाडणारा गडी होता, हे ध्यानात ठेवूनच त्यांच्या विनोदाकडे पाहायला हवं. कुस्तीगिराला आपल्या अंगाचं वजन या क्षणी कुठल्या पायावर आहे हे कळतं. विनोदी नटालाही तेच कळावं लागतं. चॅप्लिन, कीटन यांची नावं आपण विनोदाच्या थोर परंपरेत घेतो. तेही आधी अंग कमावलेले लोक होते.

‘बेवफा आशिक’ या मूकपटातून भगवान पडद्यावर आले. बोलपटाचा जमाना सुरू झाल्यावर त्यांनी पाहता पाहता कॅमेऱ्यामागचं काम शिकून घेतलं, आणि १९३८ साली ‘बहादुर किसान’ या चित्रपटाच्या दिग्दर्शनात त्यांचं नाव आलं. १९४२ मध्ये त्यांनी जागृती पिक्चर्स ही स्वतःची निर्मितीसंस्था काढली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा केला. वयाची पस्तिशीही ओलांडली नव्हती. लोक ज्याला ‘अलबेला’मुळे वर आलेला म्हणतात, तो माणूस ‘अलबेला’च्या आधीच स्टुडिओचा मालक होता.

हा स्टुडिओ उभा राहिला मारधाडीच्या सिनेमांवर. या सिनेमांबद्दल आपल्याकडे फार कमी आणि फार तुच्छतेने लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. प्रभातचे किंवा न्यू थिएटर्सचे चित्रपट शहरातल्या मोठ्या थिएटरांत लागत, वर्तमानपत्रांत त्यांची परीक्षणं येत, घरातल्या बायका-मुलांना घेऊन लोक ते पाहायला जात. मारधाडीचे सिनेमे गिरणगावात, बंदरांजवळ, जिल्ह्याच्या गावी आणि जत्रांतल्या तंबूंत चालत. पाहणारा प्रेक्षक पडद्यालगतच्या स्वस्त बाकांवर बसायचा. पाळी संपवून आलेला, पाय दुखत असलेला, खिशात मोजके आणे असलेला माणूस. त्याला तीन तास रडवणं ही त्याच्यावर जुलूम करण्यासारखी गोष्ट होती. वाडिया मूव्हीटोनने १९३५ च्या ‘हंटरवाली’पासून नादियाला घेऊन हाच प्रेक्षक बांधला, आणि भगवानही त्याचेच झाले. त्यांचा सिनेमा पासष्ट हजारांच्या आसपास पुरा व्हायचा असं सांगतात. युनिटच्या जेवणाची व्यवस्था ते स्वतः बघायचे, कपडे कसे शिवायचे तेही तेच ठरवायचे, आणि उडी मारायची वेळ आली की पुन्हा तेच पुढे व्हायचे.

हे सिनेमे आमच्या भागापर्यंत ज्या वाटेने यायचे ती वाटही पाहण्यासारखी आहे. हिंदुस्थानातला सिनेमा इलाख्या-इलाख्याने विकला जातो, आणि त्यातल्या एका इलाख्याचं नाव सिनेमाच्या धंद्यात आजही ‘सी.पी.-बेरार’ असंच आहे. सरकारी नकाशातून मध्य प्रांत आणि वऱ्हाड कधीच गेले, वितरकांच्या वहीत मात्र राहिले. अमरावती हे या इलाख्यातलं वितरणाचं जुनं केंद्र. म्हणजे भगवान पालव ज्या गावात जन्मले, त्याच गावाच्या पेढ्यांतून सिनेमांच्या पेट्या विदर्भातल्या टॉकीजना रवाना होत. नागपूर १९५६ पर्यंत राजधानी होतं, आधी मध्य प्रांत-वऱ्हाडाची, मग मध्य प्रदेशाची. इथे मराठी आणि हिंदी एकाच घरात, एकाच वाक्यात नांदायच्या. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमुळे इथे कामगारांची मोठी वस्ती होती, शिवाय इतवारी-महालाकडचे हातमागावरचे विणकर. परळच्या पोराने परळच्या कामगारासाठी काढलेला सिनेमा नागपूरच्या कामगाराला समजावून सांगावा लागत नव्हता.

या काळातला एक चित्रपट मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो हिंदी नाही, मराठीही नाही. १९४१ चा ‘वनमोहिनी’ हा तमिळ चित्रपट भगवाननी दिग्दर्शित केला. जंगल, त्यातली के. थवमणी देवी ही धीट नायिका आणि भलतं कसब दाखवणारा एक हत्ती, असा सगळा थाट. हॉलिवूडमध्ये तेव्हा डोरोथी लामूरचे जंगलपट जोरात होते; त्यांचा तो मद्रासी अवतार. भाषा न येणाऱ्या प्रेक्षकासाठी, भाषा न येणारा दिग्दर्शक सिनेमा काढतो आणि तो चालतो, कारण त्यातलं बहुतेक काम अंगाने होतं. भगवान संवादांवर विसंबून नव्हते. ‘अलबेला’तल्या नाचाची ताकद कुठून आली हे शोधायचं असेल, तर एक धागा या तमिळ जंगलात सापडतो.

दुसरा धागा त्याच चित्रपटातला, आणि तो सरळ नागपूरला येतो. ‘वनमोहिनी’ला संगीत देणारा तरुण होता रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १२ जानेवारी १९१८, पुणतांब्याचा. वडील रेल्वेत, त्यामुळे बालपण डोंगरगड आणि नागपूर भागात गेलं. गाण्याचे पहिले पक्के धडे त्याने नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे घेतले, मग पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे. सिनेमात नायक व्हायला निघालेला हा मुलगा नायक म्हणून पडला, सोहराब मोदींच्या मिनर्व्हात वाजवू लागला, आणि त्याला स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली कामं मिळाली ती तमिळ चित्रपटांत. हिंदीतला त्याचा पहिला चित्रपटही भगवानचाच, १९४२ चा ‘सुखी जीवन’. पुढे सी. रामचंद्र या नावाने त्याने जे केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्यातला संगीतकार ओळखून त्याच्या हाती चित्रपट सोपवणारा माणूस भगवान होता, हे मात्र फार जणांना ठाऊक नाही. अण्णांनी, म्हणजे या सी. रामचंद्रांनी, ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र १९७७ साली लिहिलं. त्या काळच्या मुंबईची चव घ्यायची असेल त्याने ते जरूर वाचावं.

नागपूरने भगवानदादांवर हक्क सांगायचा असेल तर तो या वाटेने सांगावा. एक वऱ्हाडात जन्मलेला, एक नागपुरात सूर शिकलेला. दोघांची गाठ मुंबईत पडली आणि त्यातून हिंदुस्थानी सिनेमाचा ताल बदलला.

त्याच १९४२ सालची एक घटना मात्र गाळून चालणार नाही. या पुस्तकाने ती गाळलेली नाही, आणि मलाही ती इथे मांडायलाच हवी. ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानना ललिता पवारांच्या थोबाडीत मारायची होती. हात बेताने उचलायचं भान राहिलं नाही. त्या फटक्याने ललिताबाईंच्या चेहऱ्याची शीर दुखावली, चेहऱ्याला पक्षाघात झाला, पुढची काही वर्षं उपचारांत गेली आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. येवल्यात जन्मलेली, मूकपटापासून नायिका म्हणून काम करणारी, स्वतः चित्रपटनिर्मितीत उतरलेली ही बाई तेव्हा पंचविशीत होती. तिचं नायिकापण तिथे संपलं.

ही घटना आपल्याकडे एका ठरावीक वळणाने सांगितली जाते: फटका बसला म्हणून सिनेमाला एक थोर खाष्ट सासू मिळाली. मला हे सांगणं अन्यायाचं वाटतं. ‘श्री ४२०’, ‘अनाडी’पासून थेट दूरदर्शनच्या ‘रामायणा’तल्या मंथरेपर्यंत ललिताबाईंनी जे उभं केलं ते त्यांच्या हिंमतीवर आणि त्यांच्या अभिनयावर. त्याचं श्रेय कुणाच्या हाताला जात नाही. आणि भगवानदादांच्या चरित्रकारालाही या प्रसंगाकडे किस्सा म्हणून पाहता येत नाही. मारामारीच्या सिनेमात अंग हेच हत्यार असतं आणि ते आवरायचं शिक्षण कुणी देत नव्हतं, हे कारण म्हणून खरं आहे. तरी सोसलं ते एका बाईने. भगवानदादांवर प्रेम करणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवल्या पाहिजेत.

आता ‘अलबेला’. १९४९ चा ‘भेदी बंगला’ हा त्यांचा भयपट चांगला चालला होता. राज कपूरनी त्यांना सामाजिक चित्रपट काढायला सुचवलं असं म्हणतात. १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. ते साल आठवून पाहा. त्याच वर्षी राज कपूरचा ‘आवारा’ आला, देव आनंदचा ‘बाजी’ आला. एक देखणा भटक्या, एक देखणा जुगारी. आणि त्यांच्या शेजारी हा प्यारेलाल: बुटका, गोलमटोल, चाळिशीकडे झुकलेला कारकून, ज्याला नाटकात जायचं आहे. घरात बहिणीच्या लग्नाचे पैसे कमी पडतात, नोकरी जाते, बाप घराबाहेर काढतो. तो मोठा नट होतो, घरी पैसे धाडतो, ते पैसे वाटेतच गडप होतात, आणि परत येतो तेव्हा आई गेलेली असते. कथा नवी नव्हती. चाळीतल्या प्रत्येक घरात तिच्यातला एखादा तुकडा घडलेला होता, आणि नायकही त्या चाळीतल्यासारखाच दिसत होता. हेच नवं होतं.

त्याला नायक म्हणून लोकांच्या गळी उतरवलं गीता बालीने, हे माझं ठाम मत आहे. ‘बाजी’त देव आनंदसमोर उभी राहिलेली ही नटी त्याच वर्षी भगवानसमोर उभी राहिली, आणि तिने तसूभरही फरक केला नाही. ती त्याच्याकडे मोठ्या मनाने खाली वाकून पाहत नाही, ‘बघा, मी याच्याबरोबरही काम करते’ असा भाव तिच्या डोळ्यांत एकदाही येत नाही. ती त्याच्यासोबत खरोखर मजा घेते. नाचताना तिचं हसू ओठांवरून डोळ्यांत जातं आणि तिथेच राहतं. प्रेक्षक त्या डोळ्यांतून प्यारेलालकडे पाहतो. जानेवारी १९६५ मध्ये देवी येऊन गीता बाली गेली. तिच्यावर मराठीत एक चांगलं पुस्तक व्हायला हवं.

आणि मग तो नाच. ‘शोला जो भडके’ आज कुणीही पुन्हा पाहू शकतो, आणि हे पुस्तक वाचण्याआधी पाहावंच. मागे नर्तकांचा ताफा, बोंगोचा ठेका, दूर देशातल्या बेटावरचे वाटावेत असे पोशाख; आजच्या डोळ्यांना त्या पोशाखांत खटकण्यासारखंही काही आहे. पण नजर भगवानवर ठेवा. कोपरं अंगाशी, हात छातीच्या उंचीवर सैल, खांद्याला हलका झोका, पाऊल जेमतेम वीतभर पुढे आणि तेवढंच मागे, मान किंचित कलती. उडी नाही, गिरकी नाही. भिंतीवरून झेप घेणारा, दहा जणांना लोळवणारा गडी इथे जवळजवळ जागचा हलत नाही. सगळी ताकद आत धरून ठेवली आहे आणि तिचा फक्त एक कण खांद्यातून बाहेर येतो आहे. मोठं काम करू शकणारं अंगच इतकं थोडं करून पुरेसं ठरू शकतं.

त्यात एक मोठी सोय होती. तो नाच कुणालाही येत होता. कथकला वर्षं लागतात, हॉलिवूडच्या टॅप नाचाला बूट लागतात, गुळगुळीत जमीन लागते. भगवानचा नाच चाळीच्या गॅलरीत बसतो. गर्दीत बसतो, जिथे हात पसरायला जागा नाही तिथेही बसतो. पोट सुटलेल्या काकांना जमतो आणि सहा वर्षांच्या पोरालाही. कामगाराच्या आयुष्यात जेवढी जागा मिळते तेवढ्याच जागेत मावणारा नाच त्याने काढला. नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीत किंवा गणपतीपुढे संदल वाजू लागला की पुढची पोरं काय करतात ते नीट बघा. खांदा, कोपर, वीतभर पाऊल. त्यातल्या बहुतेकांनी ‘अलबेला’ पाहिलेला नसतो. पुढच्या काळातल्या मोठमोठ्या नायकांच्या अंगातही तो ठेका उतरला. अमिताभ बच्चन यांच्या नाचात तर तो उघड दिसतो. उंच माणसाने कमी हलून नाचायचं कसं, याचं उत्तर त्यांना एका बुटक्या माणसाकडे मिळालं.

झाडीपट्टीतली रात्र-रात्र चालणारी नाटकं किंवा खडी गंमत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आणखी एक नातं जाणवेल. तिथला विनोदी नट वाक्य बोलण्याआधी चालतो, आणि त्या चालीलाच हशा येतो. भगवानदादांनी खडी गंमत पाहिली होती की नाही हा प्रश्न गौण आहे. दिवसभर राबलेल्या माणसापुढे रात्री उभं राहायचं तर अंगानेच बोलावं लागतं, हे शहाणपण दोन्हीकडे एकच आहे.

चितळकरांचं संगीत या अंगाला बेतून केलेलं होतं. ‘अलबेला’त भगवानना आवाजही त्यांचाच, ‘चितळकर’ या नावाने, सोबत लता मंगेशकर आणि गीतकार राजेंद्र कृष्ण. अण्णांनी १९४७ च्या ‘शहनाई’पासूनच पाश्चात्त्य ठेका हिंदी गाण्यात घट्ट बसवला होता, आणि मुंबईच्या वाद्यवृंदांत गोव्याचे तयार वादक होते, ज्यांच्या ट्रम्पेट-सॅक्सोफोनशिवाय हे जमलं नसतं. पण त्याच चित्रपटात एक अंगाईगीत आहे, आणि ते इतकं हळुवार आहे की हेच दोघे ‘शोला जो भडके’ करू शकतात यावर विश्वास बसत नाही. शंकरराव सप्रे यांच्याकडची तालीम मला त्या अंगाईत ऐकू येते.

यानंतरची उतरण मी थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांत जास्त वेळा सांगून झाली आहे. १९५३ मध्ये त्याच मंडळींना घेऊन ‘झमेला’ आला, पण ‘अलबेला’ची जादू पुन्हा झाली नाही. ‘हंसते रहना’ पुरा झालाच नाही. १९६६ चा ‘लाबेला’ पडला. मधल्या काळात व्ही. शांतारामांच्या ‘झनक झनक पायल बाजे’त, ‘चोरी चोरी’त भगवान दिसत राहिले, नंतर लहानसहान कामांत.

हे असं का झालं, याचं उत्तर लोक स्वभावात शोधतात: उधळपट्टी, गाड्या, दिलदारी. गाड्यांचा शौक होता, हात सढळ होता, हे खरंच. तरी माझ्या मते मोठं कारण धंद्यात होतं. सिनेमाला सरकारने उद्योगाचा दर्जा दिला तो १९९८ साली. तोवर बँकेचं दार बंद. निर्माता वितरकाकडून उचल घ्यायचा किंवा खाजगी सावकाराकडे जायचा, आणि तारण म्हणून द्यायला त्याच्याकडे काय असणार? घर, स्टुडिओ, आधीच्या सिनेमांचे हक्क. पासष्ट हजारांचा सिनेमा पडला तर माणूस पुन्हा उभा राहतो. मोठे नट, मोठी गाणी, मोठे सेट घेऊन काढलेला पडला तर खालची जमीनच जाते. ‘अलबेला’ने भगवानना त्या मोठ्या पटावर आणून बसवलं. आणि पटही पालटत होता. १९६१ च्या ‘जंगली’नंतर रंगीत पडद्यावर शम्मी कपूर अंग मोकळं सोडून नाचू लागला; प्रेक्षकाला तेच हवं झालं. भगवानदादांच्या ठेवणीतला नाच तेव्हा जुना वाटला. तो कायमचा आहे हे कळायला आणखी वीस वर्षं जावी लागली.

विनोदी नटाची अशी उतरण एकट्या मुंबईतच होते असंही नाही. भगवानदादांहून दोन वर्षांनी मोठा टेरी-थॉमस हा इंग्रज विनोदी नट, १९११ साली लंडनच्या फिंचली भागात जन्मलेला. पुढच्या दोन दातांमधली फट, लांब सिगारेट-होल्डर, झगझगीत जाकिटं. खानदानी लुच्चा साहेब उभा करावा तर त्यानेच. ‘इट्स अ मॅड, मॅड, मॅड, मॅड वर्ल्ड’सारखे त्याचे चित्रपट नागपूरच्याही इंग्रजी सिनेमाच्या शौकिनांना ठाऊक आहेत. १९७१ मध्ये त्याला कंपवाताचं निदान झालं. औषधोपचारांत सगळी कमाई गेली आणि ऐंशीच्या दशकाअखेर तो लंडनमधल्या एका धर्मादाय सदनिकेत राहताना वर्तमानपत्रांना सापडला. ती छायाचित्रं पाहून त्याचे सहकलाकार एकत्र आले, ९ एप्रिल १९८९ रोजी ड्रुरी लेनच्या थिएटर रॉयलमध्ये त्याच्यासाठी कार्यक्रम केला, पंचाहत्तर हजार पौंडांच्या वर निधी जमवला. शेवटचे काही महिने त्याला नीट शुश्रूषा मिळाली आणि जानेवारी १९९० मध्ये तो गेला. हसवणाऱ्याला म्हातारपणी एकटं टाकणं हे कुठल्याही देशाला जमतं. फरक पडतो तो धंद्यातली माणसं एकत्र येतात की नाही याने. भगवानदादांच्या चाळीची पायरी चढणारे मोजकेच होते, सी. रामचंद्र, ओम प्रकाश, राजेंद्र कृष्ण यांची नावं त्यात घेतली जातात.

आणि तरी त्यांच्या म्हातारपणाचं एक दुसरं चित्र सांगितलं जातं, जे त्या सात गाड्यांच्या गोष्टीत कधी येत नाही. विसर्जनाच्या मिरवणुका त्यांच्या चाळीसमोर थांबायच्या, बँडवाले ‘शोला जो भडके’ धरायचे आणि दादा खाली येऊन दोन पावलं नाचून दाखवायचे. ज्या लोकांसाठी सिनेमे काढले ते लोक त्यांना सोडून गेले नव्हते. २०१६ मध्ये ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला, मंगेश देसाई भगवान झाले आणि विद्या बालन गीता बाली. त्या निमित्ताने नव्या पिढीने मूळ गाणी शोधून पाहिली, हे मोठंच काम झालं.

जे शोधून सापडणार नाही त्याचं दुःख मात्र मोठं आहे. हिंदुस्थानात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांपैकी हाताशी उरलेत ते फार थोडे. मारधाडीच्या बोलपटांचं नशीबही फारसं निराळं नाही. जुन्या फिल्मवर चांदी असे; सिनेमा चालेनासा झाला की रीळ भंगारात जाई आणि चांदी काढून घेतली जाई. प्रतिष्ठित चित्रपटांची कुणीतरी काळजी घेतली. कामगारांच्या बाकांवरून पाहिलेले सिनेमे जपावेत असं कुणाला वाटलं नाही. म्हणून ‘अलबेला’च्या आधीचे भगवानदादा आज आपल्याला पडद्यापेक्षा जाहिरातींतून, गाण्यांच्या चोपड्यांतून आणि जुन्या माणसांच्या आठवणींतूनच जास्त गोळा करावे लागतात. या पुस्तकाने ते चिकाटीने केलं आहे. काही प्रकरणं त्यामुळे तुटक वाटतील. तो दोष लेखनाचा नाही, भंगारात गेलेल्या रिळांचा आहे.

हे काम पुरं झालेलं नाही, आणि ते पुढे नेण्यात विदर्भातल्या वाचकांचा वाटा मोठा असू शकतो. अमरावतीच्या जुन्या वितरण पेढ्या, नागपूर-अकोला-यवतमाळच्या बंद पडलेल्या टॉकीजची गोदामं, पिढीजात घरांचे माळे, यांत चाळीसच्या दशकातल्या चोपड्या, पत्रकं, शोकार्डं, एखाद-दुसरं रीळसुद्धा अजून पडून असणं शक्य आहे. टॉकीजमध्ये आणा-दोन आण्याला विकली जाणारी ती चोपडी आज इतिहासाचा पुरावा आहे. तिच्यावर ‘मास्टर भगवान’ किंवा ‘जागृती पिक्चर्स’ असं छापलेलं दिसलं तर ती रद्दीत घालू नका. रीळ सापडलं तर स्वतः उलगडून पाहू नका. जुनी फिल्म तडकते आणि तिचा काही प्रकार झटकन पेटही घेतो. ऊन आणि ओल यांपासून ते लांब ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. १९६४ पासून ही संस्था नेमकं हेच काम करते आहे. आणि घरात कुणी नव्वदीचे आजोबा असतील, ज्यांनी ‘भेदी बंगला’ पहिल्या खेपेला पाहिला असेल, तर ते काय सांगतात ते या उन्हाळ्यातच लिहून घ्या.